करार तिकडे होतो, भाव इथे का हलतो? माळव्याची शेती, खाद्यधंदा आणि मोकळा व्यापार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदुरात तीस वर्षं सोयाबीन आणि तेलाची दलाली केली. आता धंद्याचे फोन कमी येतात, पण प्रश्न काही कमी होत नाहीत. बायकोच्या माहेरची शेती देपालपूरकडे, त्यामुळे निम्मे प्रश्न नात्यातले. बाकीचे रामबागेतल्या लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढता वाढता. "काका, आज सोयाबीन का पडलं?" ह्याचं उत्तर कधी क्वालालंपूरला असतं, कधी काठमांडूला, कधी दिल्लीत रात्री निघालेल्या एका अधिसूचनेत. तेच तेच सांगून दमलो, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

प्रादेशिक आर्थिक एकीकरण, हे काय प्रकरण आहे?

शेजारच्या, किंवा ठरवून जवळ आलेल्या देशांनी आपापसातले नाके उठवणं. थोड्या मालावर थोडी सवलत ही पहिली पायरी. बहुतेक मालावर शुल्क काढून टाकलं की मुक्त व्यापार. त्यापुढे सगळ्यांनी मिळून बाहेरच्या जगासाठी एकच शुल्क ठेवलं की सीमाशुल्क संघ. माणसं, पैसा आणि नियमसुद्धा एक केले की युरोपसारखी एकच बाजारपेठ. आपण भारतीय बहुतेक दुसऱ्या पायरीवरच उभे आहोत, तेही एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून.

इंदूरकराला हे समजायला अवघड जाऊ नये. आपले पणजोबा बैलगाडीत कापूस घालून निघाले की ३५ किलोमीटरवर देवास लागायचं, आणि तिथे एक नाही, दोन संस्थानं होती: थोरली पाती आणि धाकटी पाती. पश्चिमेला धार वेगळं, उत्तरेला शिंदेशाही. आत शिरणाऱ्या-बाहेर जाणाऱ्या मालावरच्या जकातीला इकडे सायर म्हणत. १९४८ साली मध्य भारत झाला आणि ह्या सगळ्या हद्दी एका राज्यात विरल्या. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला आणि राज्याराज्यांतले प्रवेशकर गेले. म्हणजे एकीकरण ही काही ब्रसेल्सची मक्तेदारी नाही, आपल्या घरात ते दोनदा होऊन गेलंय.

आमच्या सोयाबीनचा ह्या करारांशी संबंध काय? आम्ही तर लक्ष्मीबाईनगर मंडीत विकतो.

विकता मंडीत, पण भाव मंडीत जन्मत नाही. ट्रॉली उभी राहिली की पारखणारा पोत्यात परखी खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, एक दाताखाली फोडतो, ओलावा बघतो आणि आकडा बोलतो. तुम्हाला वाटतं त्यानं दाणे पाहून भाव केला. दाणे पाहून तो फक्त पैसे कापतो. मूळ आकडा त्याच्या खिशातल्या फोनमध्ये सकाळीच आलेला असतो, तेल काढणाऱ्या प्लांटचा.

प्लांट सोयाबीन खात नाही, फोडतो. एका क्विंटलमधून साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८२ किलोच्या आसपास डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, जी कोंबड्या-माशांच्या खाद्यात जाते. घट मी सोडून देतो, हिशोब सोपा राहावा म्हणून. तर ह्या दोन मालांना दोन वेगळी दारं आहेत. तेल हे आत येणाऱ्या दारावरचं पीक: देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. डीओसीचं दार बाहेर उघडणारं: घरची गरज भागली की ती बांगलादेश, नेपाळ, आग्नेय आशिया आणि युरोपच्या काही गिऱ्हाइकांकडे जाते.

सगळे जण आत येणाऱ्या दाराकडे डोळे लावून बसतात. तेलावर शुल्क किती, पाम किती आलं. आता हे गणित करा. डीओसी किलोमागे ५ रुपयांनी उतरली तर क्विंटलमागे ४१० रुपये गेले. ते भरून काढायला तेल किलोमागे जवळपास २३ रुपयांनी चढायला हवं. तेल एका मोसमात २३ रुपये चढलं की टीव्हीवर आरडाओरडा होतो आणि सरकार शुल्क उतरवतं. डीओसी ५ रुपयांनी पडली तर कुठे दोन ओळींची बातमीही येत नाही. माळव्याच्या शेतकऱ्याचा जीव बाहेर जाणाऱ्या दारात अडकलाय आणि तो राखण करतोय आत येणाऱ्या दाराची. ह्या पानावर मला सांगण्यासारखं मुख्य असेल तर एवढंच, पुढचे बरेच प्रश्न फिरून इथेच येतात.

मग २०२४ मध्ये तेलावर शुल्क वाढलं तेव्हा सोयाबीन का नाही वाढलं?

कारण वर सांगितलं तेच. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली घसरलं होतं, गावोगाव सहा हजारांची मागणी करत ट्रॅक्टर रस्त्यावर आले. १४ सप्टेंबरला केंद्रानं कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं, शुद्ध तेलावरचं १३.७५ वरून ३५.७५. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात तेल चढलं, जुना साठासुद्धा. सोयाबीन जरासं उठून बसलं आणि पुन्हा आडवं झालं. डीओसी पडत होती: एकीकडे दक्षिण अमेरिकेची पेंड जगात स्वस्त, दुसरीकडे घरातच मका आणि तांदळाच्या इथेनॉलमधून निघणारा चोथा, ज्याला धंद्यात डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीखाद्यात शिरला. इथेनॉलचा कुठल्या व्यापारी कराराशी संबंध नाही, तरी मार बसला.

पुढचं वर्ष आणखी बोलकं आहे. २८ मे २०२५ ला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ जाहीर झाला. दोनच दिवसांनी कच्च्या तेलावरचं शुल्क १६.५ टक्क्यांवर आणलं. पेरणीच्या तोंडावर एका हातानं पाठ थोपटली, दुसऱ्या हातानं खिसा चाचपला. शहरातल्या गृहिणीला तेल स्वस्त हवं हेही खोटं नाही, माझ्या घरातही तळण होतंच. त्यानंतर राज्यानं सोयाबीनसाठी भावांतर योजना पुन्हा आणली, म्हणजे बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक खात्यात.

नेपाळात सोयाबीन एवढं पिकतच नाही, मग तिथून एवढं सोयातेल कसं येतं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा पाजतो, कारण त्यानं नेमकी शीर धरलेली असते.

सार्क देशांचा मुक्त व्यापार करार, साफ्टा, २००४ च्या जानेवारीत इस्लामाबादला ठरला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. त्यात नेपाळ, बांगलादेशसारख्या सर्वांत कमी विकसित देशांच्या मालाला भारतात शुल्कमाफी मिळत गेली. हेतू चांगला होता: तिथल्या शेतकऱ्या-कारागिराचा माल विकला जावा. आता दक्षिण अमेरिकेतल्या कच्च्या तेलाचं जहाज डोळ्यांसमोर आणा. थेट आपल्याकडे उतरलं तर कच्च्या तेलाचं पूर्ण शुल्क. तेच तेल कोलकात्याच्या बंदरावरून सीलबंद नेपाळात गेलं, तिथे शुद्ध झालं आणि 'नेपाळी तेल' म्हणून परत बिहारच्या रक्सौल-जोगबनीकडून आत आलं तर शुल्क शून्य. शुल्कातली तफावत जितकी मोठी, तितकी ही फेरी फायद्याची. म्हणून २०२४ ला शुल्क वाढताच नेपाळकडचा ओघ वाढला. शेतकऱ्यासाठी उभारलेल्या भिंतीला शेजाऱ्याच्या अंगणातून फाटक होतं.

कुणी म्हणेल, काय हा नवा जमाना. नवं काही नाही हो. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईहून चीनला जायची तेव्हा इंग्रज त्यावर पास-शुल्क घेत. मग व्यापारी काय करीत? माल राजपुतान्यातल्या पालीवरून कराचीला, आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला. वळसा केवढा, पण शुल्कापेक्षा स्वस्त. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, ती वाट बुजली आणि लगेच शुल्क चढलं. आपलेच पूर्वज होते ते, तेव्हा नेपाळच्या व्यापाऱ्याला फार नावं ठेवू नयेत.

हे बेकायदेशीर नाही का?

कागद बरोबर असले तर नाही. प्रत्येक करारात 'माल मुळात कुठला' हे ठरवायचे नियम असतात. साफ्टात कमी विकसित देशांसाठी मूल्यवर्धनाची अट ३० टक्क्यांची. कच्चं तेल गाळून, त्याचा रंग-वास काढून किमतीत खरोखर ३० टक्के भर पडते का, ह्यावर आमच्या धंद्यात लोक हसतात, पण हसणं हा काही पुरावा नव्हे. सरकारनं २१ सप्टेंबर २०२० पासून नवे नियम आणून आयातदारावरच जबाबदारी टाकली: नुसतं प्रमाणपत्र पुरणार नाही, माल कुठे किती घडला याची माहिती जवळ ठेवा.

श्रीलंकेच्या बाबतीत हे आधी होऊन गेलंय. तो करार २००० च्या मार्चपासून लागू. थोड्याच वर्षांत तिथून वनस्पती तुपाचा लोंढा आला, मूळ पाम मलेशियाचं. काळ्या मिरीची तक्रार केरळ-कर्नाटकातले शेतकरी अजून सांगतात.

आसियान करारामुळे पामतेल स्वस्त झालं म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. आसियान म्हणजे आग्नेय आशियाई देशांचा गट. त्याच्याशी आपला करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि त्यात पाम, चहा, कॉफी, मिरी हे 'विशेष' ठेवले होते, म्हणजे शुल्क शून्यावर न आणता हळूहळू उतरवायचं. कच्च्या पामसाठी ते ३७.५ टक्के आणि शुद्ध पामसाठी ४५ टक्क्यांपर्यंत आलं, २०१९ अखेरीस. पण ही फक्त कमाल मर्यादा. आपल्या सरकारनं महागाईच्या धाकानं त्याच्या कितीतरी खालचं शुल्क स्वतःहून ठेवलं. करारानं दार अर्धं उघडलं होतं, उरलेलं आपणच ढकललं. तरी सकाळी मलेशियाचा वायदा, ज्याला आमच्याकडे केएलसी म्हणतात, तो बघितल्याशिवाय इंदूरच्या सियागंज बाजारात तेलाचा डबा हलत नाही.

आरसेपमधून भारत बाहेर पडला ते बरं झालं का?

आरसेप म्हणजे आसियान देश, चीन, जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड ह्यांचा मोठा व्यापार करार. ४ नोव्हेंबर २०१९, बँकॉक. पंतप्रधानांनी नाही म्हटलं आणि आमच्या गल्लीतला दूधवालाही खुश झाला, कारण त्याला कुणीतरी न्यूझीलंडची भीती घातली होती. भीती निराधार नव्हती. तिथे माणसांपेक्षा गायी-मेंढ्या जास्त, दूध बहुतेक निर्यातीसाठीच. त्यांची भुकटी बिनशुल्क आली असती तर उन्हाळ्यात दूध आटतं तेव्हा संघ भुकटी विरघळवून काम भागवतात, त्या वेळचा शेतकऱ्याचा भाव दबला असता. आपल्याकडचं दूध म्हणजे दोन-चार म्हशींचं घर. ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये करार झाला, ब्रिटनशी २०२५ च्या जुलैत सही झाली. दोन्हींत दुग्धजन्य पदार्थ बाहेर ठेवले, हे त्यामुळेच.

पण माझं मत विचाराल तर आनंदाच्या भरात एक गोष्ट कुणी पाहिली नाही. आरसेप आपल्याविना १ जानेवारी २०२२ पासून सुरू झाला, १५ देशांचा. आपली डीओसी, मसाले, म्हशीचं मांस, तांदूळ जिथे विकायचं तो हाच पट्टा. तिथे एकमेकांना सवलत देणारे आता आपले स्पर्धक आहेत. आत येणारं दार लावलं त्याचे पेढे वाटले, बाहेरचं दार अरुंद झालं त्याचं सुतक कुणी पाळलं नाही. दूध वाचवून बाकीची बोलणी चालू ठेवता आली असती असं मला वाटतं. माझे दूधवाले भाऊ हे वाचणार नाहीत, म्हणून लिहितो.

बाहेर देशांत शेतकऱ्याचं काय झालं?

युरोपनं मोकळा बाजार दिला आणि बरोबर पैसाही दिला. १९६२ पासूनच्या समाईक शेती धोरणात भाव इतका उंच बांधला की लोण्याचे डोंगर साचले. मग १९८४ ला दुधावर कोटा आणावा लागला, तो २०१५ पर्यंत होता. एवढं करूनही २०२२ ला युक्रेनच्या धान्याला शुल्कमाफी दिली तेव्हा पोलंड-हंगेरीचे शेतकरी पेटले, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये त्या देशांनी स्वतःच धान्यबंदी घातली. सहानुभूती युक्रेनला, पण गोदाम आपलं रिकामं हवं.

मेक्सिकोची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. १९९४ पासून अमेरिका-कॅनडाशी करार, मक्यावरचं शेवटचं शुल्क २००८ मध्ये गेलं. अमेरिकेचा अनुदानित मका आला, डोंगराळ भागातल्या छोट्या मकाशेतकऱ्याला झळ बसली. त्याच करारानं उत्तरेकडच्या टोमॅटोवाल्याला आणि मिचोआकानच्या अवोकाडोवाल्याला श्रीमंत केलं. करार एकच, पण ज्याच्याकडे पाणी, शीतगृह आणि ट्रक होता तो वर गेला. मोकळ्या बाजाराची फळं मुख्यतः माल धरून ठेवता येणाऱ्याला मिळतात, हे मी छावणीच्या मंडीतही रोज पाहिलंय.

इंदूरच्या डाळमिलांना फायदा होतो की तोटा?

मिलला फायदा, शेतकऱ्याला वर्षावर्षावर. इंदूर हे देशातलं डाळीचं मोठं ठिकाण, आणि इथे दळली जाणारी सगळी तूर काही माळवा-निमाडची नव्हे. म्यानमारची लेमन, मोझांबिकची गजरी, टांझानियाची अरुषा: ही नावं मिलच्या हम्मालालाही पाठ आहेत. मुंबईच्या बंदरावर उतरते आणि महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या सेंधव्यावरून वर चढते. देशी तूर महाग झाली की मालक लेमनकडे वळतो आणि पॉलिश केल्यावर तुम्हा-आम्हाला ताटात फरक कळत नाही. माझ्या सासूबाईंना कळायचा, शिजायला लागणाऱ्या वेळावरून.

इथे एक घोटाळा लोक नेहमी करतात. तुरीची ही आयात कुठल्या मुक्त व्यापार करारानं उघडलेली नाही. २०२१ पासून सरकारनं एकतर्फी मोकळी केली आणि मुदती वाढवत नेल्या. पिवळ्या वाटाण्याचं तसंच: २०२३ च्या डिसेंबरात शुल्क शून्य, आणि २०२५ च्या १ नोव्हेंबरपासून ३० टक्के. मधल्या काळात हरभऱ्याचा भाव दबला, कारण स्वस्त बेसनात मटरीचं, म्हणजे ह्याच वाटाण्याचं, पीठ शिरतं, हे इंदुरात गुपित नाही. करारातलं दार निदान वेळापत्रकानं उघडतं. अधिसूचनेतलं दार वाऱ्यानं आपटतं. दोन्हींतलं निवडायचं झालं तर मी वेळापत्रक घेईन.

आणि घरचा नाका विसरू नका. बाहेरच्या राज्यातून आणलेल्या कडधान्यावर मंडी शुल्क लावायचं की नाही, ह्यावर मिलवाले आणि भोपाळ यांचा वाद किती वर्षं चालला. समुद्र ओलांडून येणाऱ्या मालाला माफी आणि विदर्भातून येणाऱ्या तुरीला शुल्क, असे दिवसही येऊन गेले. मग मिल उचलून जळगाव-अकोल्याला नेली तर त्यात नवल काय?

निर्यातबंदीचा ह्याच्याशी काय संबंध? ती तर आपल्याच सरकारची.

तोच तर संबंध. २०२२ च्या उन्हाळ्यात युक्रेन युद्धामुळे जगाला गहू हवा होता. आमच्या मेहुण्यानं सरकारी खरेदीला, २,०१५ च्या भावाला, गहू दिला नाही. निर्यातीसाठी माल गोळा करणारा व्यापारी वर द्यायला तयार होता. ट्रॉली सोमवारी भरायची ठरली. शुक्रवारी, १३ मेला, रात्री बंदी आली. शनिवारी सकाळी व्यापाऱ्याचा फोन बंद. कांडला बंदराबाहेर गव्हाच्या ट्रकांची रांग लागलेली आम्ही टीव्हीवर पाहिली, त्यात माळव्याचाही गहू होता. मेहुणा काही बोलला नाही, फक्त पोत्यांवर ताडपत्री टाकून आला.

कांद्याचं तर दर दोन-तीन वर्षांनी. २०१९ च्या सप्टेंबरात बंदी, २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा. बांगलादेश तेव्हा आपलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. पुन्हापुन्हा तोंडावर दार बसल्यावर त्यानं दुसरीकडे चौकशी केली तर त्याला दोष कसा द्यायचा? चोइथराम मंडीत कांदा मातीमोल झाला की आपण व्यापाऱ्याला शिव्या देतो. गिऱ्हाईक तुटलं ते वर्षभर आधी.

माझं छोटं नमकीन युनिट आहे. मला ह्या करारांचा काही उपयोग आहे का?

आहे, पण शुल्काच्या जागी नाही. उदाहरणार्थ संयुक्त अरब अमिराती: करार १ मे २०२२ पासून. सेव-चिवड्याला तिथे गिऱ्हाईक हमखास, दुबईत माळव्याचे लोक काय कमी आहेत? पण बहुतेक मालावर तिथे मुळात शुल्कच ५ टक्के. ते माफ झालं ही बरी गोष्ट, त्यावर धंदा उभा राहत नाही. खरं डोकं खातं ते लेबल: अरबीत मजकूर, घटक, मुदत. एक खेप नुसत्या तारखेच्या पद्धतीवरून अडकलेली मी पाहिली आहे, सेव पिशवीत मऊ पडेपर्यंत.

लागतं काय? आयातक-निर्यातक कोड, अन्नसुरक्षेचा परवाना, अपेडा ह्या शेतमाल-निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, आणि सवलत हवी असेल तर मूळ देशाचं प्रमाणपत्र, जे आता ऑनलाइन निघतं. हे प्रमाणपत्र न घेता माल पाठवला तर करार असून नसल्यासारखा, पूर्ण शुल्क भरावं लागतं. पहिल्या वेळी कस्टम एजंटाची फी वाचवू नका.

युरोपला पाठवायचं म्हणत असाल तर तिळाची गोष्ट ऐका. २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं, जंतू मारायला वापरतात ते. तिळावरून पाव, बिस्किटं, काय काय परत बोलवावं लागलं. पुढे प्रत्येक खेपेला तपासणी-अहवाल. शुल्काचं कुलूप उघडलं तरी आत प्रयोगशाळेचा अडसर असतो, आणि तो कुठल्याही करारानं निघत नाही. तो शेतात नि गोदामातच काढावा लागतो, कुठली फवारणी नि धुरी कधी केली ह्याच्या वहीतून. आपल्याकडे वही फक्त उधारीची असते.

देशातल्या देशात मात्र नमकीनवाल्यानं तक्रार करू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून नमकीनवर ५ टक्के जीएसटी, आणि नाशकात काय नि नागपुरात काय, दर एकच. सेंधव्याच्या चौकीवर रात्र काढलेल्या ड्रायव्हरला विचारा, ह्याची किंमत काय.

ई-नाम आल्यावर देशभर एकच मंडी होणार होती ना?

ई-नाम, म्हणजे देशातल्या मंड्या ऑनलाइन जोडणारी केंद्राची व्यवस्था. १४ एप्रिल २०१६ ला सुरू झाली. गेटपास, लिलावाची नोंद, पैसे खात्यात, हे सुधारलं. पण दुसऱ्या राज्यातला व्यापारी माल न बघता बोली लावत नाही, कारण दर्जा कुणी ठरवायचा हे अजून परखीवाल्याच्या दातावर आहे. विषय एवढाच आहे.

आपलं सोयाबीन जनुकबदल केलेलं नाही, त्याला बाहेर जास्त भाव मिळायला हवा ना?

मिळतो, मोजक्या गिऱ्हाइकांकडून. युरोपात काही खरेदीदार बिगर-जीएम पेंडेला जादा मोजतात. पण बाकी जगाची कोंबडी विचारत नाही. शिवाय २०२१ मध्ये पेंड महागली तेव्हा आपल्याच सरकारनं कोंबडीवाल्यांसाठी १२ लाख टन जीएम पेंड आणायला परवानगी दिली होती. आपलं वेगळेपण आपणच गरजेपुरतं जपतो. इंदुरातच सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, प्रक्रिया करणाऱ्यांची सोपा ही संघटना आहे. बिगर-जीएमचा शिक्का गावापासून बंदरापर्यंत टिकवायची साखळी उभारायला ह्याहून बरी जागा नाही. एकाच पट्टीत दहा जातींचं बियाणं मिसळून पेरलं की तो शिक्का पोत्यावरच पुसला जातो, तो भाग वेगळा.

काका, पन्नास क्विंटल पडून आहे. विकू का थांबू?

आधी सांगा, कर्जाचा हप्ता कधी आहे? आधी ते. मग डीओसीचा निर्यातभाव गेल्या महिन्यापासून कुठे चाललाय ते बघा. तेलाचा भाव नंतर. मग दिल्लीत सणांपूर्वी काही शुल्काची चर्चा आहे का. ओलावा १० टक्क्यांच्या आत आणून ठेवा, कारण कुठल्याही भावात कपात तिथेच होते. आणि निम्मं विका, निम्मं ठेवा. हा सल्ला भित्रा आहे, मला माहीत आहे. माझं स्वतःचं वीस क्विंटल मी गेल्या वर्षी दिवाळीआधीच काढलं, आणि बायको अजून तो विषय काढते.